नियोजनाची पारख : नागपूरचे चक्रव्यूह आणि संगणकातला बाजार

१९१३ साली मेलबर्न शहराच्या फिट्झरॉय भागातल्या मतिमंद मुलांच्या एका खास शाळेवर स्टॅन्ली पोर्टियस नावाचे तीस वर्षांचे शिक्षक मुख्याध्यापक म्हणून आले. त्याआधी त्यांनी खेड्यांतल्या शाळांत शिकवले होते. मानसशास्त्राची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. नेहमीच्या शाळांतून पाठवलेल्या मुलांपैकी कोणाला इथे ठेवून घ्यायचे आणि कोणाला परत पाठवायचे, हे त्यांना ठरवावे लागे. त्यासाठी हाताशी होती ती आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये तयार केलेली बुद्धिमापन चाचणी. तिच्या सुधारित आवृत्त्या तोवर इंग्रजीत आल्या होत्या.

बिनेंची चाचणी बरीचशी तोंडी आहे. शब्दांचे अर्थ सांगा, आकडे ऐकून पुन्हा म्हणा, वाक्यातली विसंगती ओळखा, अशा तऱ्हेची. पोर्टियस यांना चाचणीत दिसणारे मूल आणि शाळेत वावरताना दिसणारे मूल यांचा मेळ बसेना. चाचणीत बऱ्यापैकी गुण मिळवणारी काही मुले साध्या व्यवहारात भांबावत. चाचणीत मागे पडलेली काही मुले आपले आपण नीट निभावून नेत. काहीतरी महत्त्वाचे मोजायचे राहून जाते आहे, आणि ते म्हणजे पुढचा विचार करून वागणे, असे त्यांचे मत झाले. ते मोजण्यासाठी त्यांनी कागदावर वाटांचा गुंता काढला आणि मुलाच्या हाती पेन्सिल दिली. १९१४ साली तयार झालेली ही पोर्टियस चक्रव्यूह चाचणी.

ससोबाला गाजरापर्यंत पोचवा, अशी कोडी मुलांच्या मासिकांत आपण नेहमी पाहतो. ती आणि ही चाचणी दिसायला सारखीच, पण नियमात फरक आहे. कोड्यात एक वाट चुकली की मूल मागे येते, खोडरबर फिरवते आणि दुसरी वाट धरते. पोर्टियस यांच्या चाचणीत बंद गल्लीत पेन्सिल शिरली की चूक झाली. तो कागद काढून घेतात, त्याच चक्रव्यूहाचा कोरा कागद देतात आणि पहिल्यापासून सुरुवात करायला लावतात. वेळेचे बंधन नाही. त्यामुळे हात चालवण्याआधी डोळ्यांनी वाट चालून पाहावी लागते. तीन वर्षांच्या मुलासाठी अगदी सोपी वाट, आणि वयागणिक अधिकाधिक गुंतागुंतीची.

पुढे १९४२ साली पोर्टियस यांनी याच कागदांवरून आणखी एक मोजणी सुरू केली. मूल बाहेरच्या दारापर्यंत पोचले की नाही एवढेच न पाहता ते कसे पोचले हे पाहायचे. रेघ ओलांडली का, कोपरा कापला का, उचलू नको म्हटले असताना पेन्सिल उचलली का. गुन्हेगारीकडे वळलेल्या किशोरांत अशा घाईच्या खुणा जास्त आढळल्या. वाट बरोबर शोधणे आणि सांगितलेला नियम शेवटपर्यंत पाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एका कागदावर दिसू लागले. वह्या तपासणाऱ्या कोणाही शिक्षकाला हा फरक नवा वाटू नये. गणिताची रीत येणारा मुलगा आकडा उतरवून घेतानाच चुकतो, तेव्हा आपण हेच पाहत असतो.

आज या सगळ्याला मिळून कार्यकारी क्षमता म्हणतात. कचेरीतला कार्यकारी अधिकारी स्वतः टंकलेखन करत नाही की हिशेबही लिहीत नाही. कोणते काम आधी, कोणते नंतर, कोणते थांबवायचे, हे तो पाहतो. मेंदूतही असे एक काम आहे. तोंडाशी आलेले उत्तर आवरून धरणे, चार गोष्टी मनात धरून त्यांवर काम करणे, नियम बदलला की जुनी रीत सोडणे, हे तिचे मुख्य भाग मानतात. नियोजन त्यांच्यावर उभे राहते. सगळ्यांत आधी येतो तो आवर. ‘चिमणी भुर्र’ हा आपल्याकडचा खेळ आठवा. सगळ्यांनी बोट जमिनीवर टेकवायचे. ‘कावळा भुर्र’ म्हटले की बोट वर, आणि ‘म्हैस भुर्र’ म्हटले की बोट जागच्या जागी. चार वर्षांच्या पोराची म्हैस हमखास उडते, आठव्या वर्षी ती बहुधा जमिनीवर राहते. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत पडद्यावर अक्षरे दाखवून आणि कळ दाबायला लावून जे मोजतात, ते याहून फारसे वेगळे नाही.

बिनेंनाही याची कल्पना होती. बुद्धीचे वर्णन करताना त्यांनी आकलन आणि कल्पकता यांच्या जोडीला दिशा आणि आत्मपरीक्षण हे दोन गुण सांगितले होते. विचाराला एक दिशा धरून ठेवता येणे आणि आपले उत्तर आपणच तपासता येणे. पण चाचणीतून जे बाहेर पडले ते एक मानसिक वय. पुढे त्याचा बुद्धिगुणांक झाला आणि हे दोन गुण त्या एका आकड्यात विरघळून गेले.

पोर्टियस १९१९ साली अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या व्हाइनलँड येथील संस्थेत संशोधनप्रमुख झाले. मतिमंद मुलांची ही निवासी शाळा त्या काळी या विषयाचे माहेरघर होती. बिनेंची चाचणी अमेरिकेत आणणारे हेन्री गॉडर्ड त्यांच्या आधी त्याच जागेवर होते. १९२२ पासून पोर्टियस हवाईच्या विद्यापीठात काम करू लागले. व्हाइनलँडमध्ये त्यांच्यानंतर एडगर डॉल आले आणि डॉल यांनी वेगळाच मार्ग काढला. मुलाला काही सोडवायलाच द्यायचे नाही. त्याच्या आईला विचारायचे. हाताने जेवतो का, कपडे स्वतः घालतो का, शेजारीपाजारी एकटा जातो का, किरकोळ खरेदी करून आणतो का. ही व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी १९३५ साली आली. एकाच संस्थेतून दोन रस्ते फुटले. एक कागदावर वाट शोधायला लावणारा, दुसरा घरातल्या आणि बाजारातल्या वागण्याची चौकशी करणारा. हे दोन्ही रस्ते पुढे महाराष्ट्रात एका गावी येऊन मिळाले.

तिकडे वळण्यापूर्वी पोर्टियस यांच्याविषयी दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली चांगली नाही. मुलांच्या कल्याणासाठी काढलेले चक्रव्यूह घेऊन ते मानववंशांची प्रतवारी लावायला निघाले. हवाईतील जपानी, चिनी, फिलिपिनो लोकांना आणि ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासींना त्यांनी तीच मोजपट्टी लावली आणि त्यावरून कोणता वंश वरचा आणि कोणता खालचा हे सांगणारी पुस्तके लिहिली. ज्याने जन्मात पेन्सिल धरली नाही त्याची पेन्सिल अडखळली, तर त्याचा अर्थ काय घ्यावा? हा प्रश्न त्यांनी स्वतःला पुरेसा विचारला नाही. हवाई विद्यापीठातील एका इमारतीला त्यांचे नाव दिले होते. विद्यार्थी आणि प्राध्यापक यांच्या विरोधानंतर १९९८ साली ते काढण्यात आले.

दुसरी गोष्ट विज्ञानाच्या दृष्टीने मोलाची आहे. पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी १९३५ साली मनोरुग्णांच्या मेंदूच्या कपाळामागच्या भागाचे धागे तोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. पुढच्या पंधरा वर्षांत ती हजारो रुग्णांवर झाली आणि १९४९ साली मोनिझ यांना तिच्यासाठी नोबेल पारितोषिकही मिळाले. या पारितोषिकाच्या इतिहासातले हे एक अवघड पान आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण शांत होत, पण घरच्यांना ते परके वाटत. कामाला सुरुवात करत नसत, केली तर अर्ध्यावर सोडत. तरीही नेहमीच्या चाचणीत त्यांचा बुद्धिगुणांक जवळपास पूर्वीइतकाच येई. शब्दार्थ येत, बेरजा येत. मग गेले काय? १९४४ साली पोर्टियस आणि त्यांचे सहकारी केप्नर यांनी अशा रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चक्रव्यूहातले त्यांचे गुण घसरले होते. फिट्झरॉयमधल्या शाळामास्तराला जे मोजायचे राहून गेलेले वाटले होते, त्याचा मेंदूतला पत्ता असा लागू लागला.

आता आपल्याकडे येऊ. भारतीय मुलांसाठी बिनेंची चाचणी बेतण्याचा पहिला मोठा प्रयत्न लाहोरच्या फॉर्मन ख्रिश्चन कॉलेजचे सी. हर्बर्ट राइस यांनी १९२०च्या दशकात हिंदुस्तानी भाषेत केला. मराठी वाचकाच्या दृष्टीने महत्त्वाचे काम डॉ. व्ही. व्ही. कामत यांचे. मुंबई इलाख्यातल्या कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांनी बिनेंची श्रेणी नव्याने बांधली. तिच्यावरचा त्यांचा लेख १९३४ साली ब्रिटनमधील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला आणि १९४० साली भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. बिने-कामत या जोडनावाने ही चाचणी देशभर पसरली. मुलांच्या तपासणीच्या अहवालात हे नाव अनेक शिक्षकांनी पाहिले असेल.

प्रश्नांचे भाषांतर हे या कामातले सोपे अंग. अवघड अंग प्रमाणके बसवण्याचे. नऊ वर्षांच्या बहुतेक मुलांना जो प्रश्न जमतो तो नऊ वर्षांचा प्रश्न. पण कोणत्या बहुतेक मुलांना? प्रत्यक्ष ज्यांची चाचणी घेतली त्यांना. आमच्या सेलूचे उदाहरण घ्या. कामतांचे पुस्तक आले तेव्हा सेलू मुंबई इलाख्यात नव्हते. परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथे सरकारी माध्यमिक शिक्षणाची भाषा उर्दू होती. मनमाडहून सिकंदराबादला जाणाऱ्या रेल्वेवरच्या या बाजारपेठेच्या गावात घरी मराठी, शाळेत उर्दू, आणि खेड्यातल्या बऱ्याच घरांत शाळाच नाही, अशी स्थिती होती. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. सेलूतले मूल मराठी बोलते म्हणून मराठी मुलांची प्रमाणके त्याला लागू झाली. पण ज्या मुलांवरून ती बसवली त्यांच्यात त्याचे आजोबा नव्हते.

व्हाइनलँडचे दोन्ही रस्ते ज्या गावी मिळाले ते नागपूर. तिथल्या बालमार्गदर्शन केंद्रात डॉ. आर्थर मॅलिन यांनी दोन परदेशी साधने भारतीय मुलांसाठी बेतली. पहिले म्हणजे डेव्हिड वेक्स्लर यांची १९४९ सालची मुलांची बुद्धिमापन श्रेणी. मॅलिन यांची भारतीय श्रेणी १९६९ साली आली. तिच्यात सहा शाब्दिक आणि पाच कृतीच्या उपचाचण्या आहेत. कृतीच्या पाचांत चित्रातला उणा भाग ओळखणे, ठोकळ्यांची रचना, तुकडे जुळवणे, संकेत भरणे, आणि पाचवी चक्रव्यूह! वेक्स्लर यांनी चक्रव्यूहाला जोडचाचणीची, म्हणजे हवी तर घ्या अशी, जागा दिली होती. मॅलिन यांनी तो मुख्य पाचांत घेतला. दुसरे साधन डॉल यांची सामाजिक परिपक्वता श्रेणी. तिचे ८९ मुद्द्यांचे भारतीय रूप नागपूरचे रूप म्हणूनच ओळखले जाते. अमेरिकेत वेक्स्लर श्रेणीच्या २००३च्या आवृत्तीतून चक्रव्यूह वगळला गेला. मॅलिन श्रेणीत मात्र तो टिकून राहिला.

यात खंत करण्यासारखे काही असेल तर ते वयाचे आहे. १९८४ साली जेम्स फ्लिन यांनी दाखवून दिले की अमेरिकेत १९३२ ते १९७८ या काळात जुन्या प्रमाणकांवर मोजलेली सरासरी सुमारे १४ गुणांनी वर गेली होती. शाळा वाढल्या, चित्रे आणि कोडी घरोघरी आली, आहार सुधारला, अशी अनेक कारणे सांगतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या मोजपट्टीवर आजचे मूल वाजवीपेक्षा उंच दिसते आणि ज्याला मदत हवी ते नजरेतून निसटू शकते. आहाराचा मुद्दा मराठवाड्यात वरवरचा नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या बंगळूरच्या एका अभ्यासात दीर्घ कुपोषण झालेली २० आणि पुरेसे पोषण मिळालेली २० मुले घेतली होती. संख्या लहान आहे. पण कुपोषित मुले ज्यांत मागे पडली त्यांत लक्ष, कार्यस्मृती आणि शब्दांचा ओघ, म्हणजे कार्यकारी क्षमतेशी निगडित गोष्टी होत्या. त्या मानाने बोटांचा वेग शाबूत होता.

दरम्यान मेंदूशास्त्रात नवीन चाचण्या येत होत्या. १९६३ साली कॅनडाच्या ब्रेंडा मिल्नर यांनी पत्ते लावण्याची एक चाचणी मेंदूची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवर वापरली. पत्ते रंगाने, आकाराने किंवा संख्येने लावायचे. नियम सांगत नाहीत, फक्त चूक की बरोबर तेवढे सांगतात. ओळीने दहा पत्ते बरोबर लागले की तपासणारा नियम गुपचूप बदलतो. कपाळामागचा भाग दुखावलेले रुग्ण जुन्याच नियमाला चिकटून राहत. आपण चुकतो आहोत असे तोंडाने म्हणत आणि हात तोच पत्ता तिथेच ठेवी. कळते पण वळत नाही, ही म्हण इतक्या शब्दशः खरी क्वचितच पाहायला मिळते.

आणि मग १९८२ साली अमेरिकेतील म्युरिएल लेझॅक यांनी सगळ्याच चाचण्यांच्या मुळाशी हात घातला. त्यांचे म्हणणे असे. चाचणीच्या टेबलावर काय करायचे हे तपासणारा ठरवतो. सुरुवात कर असे तो सांगतो, साधने तो मांडून देतो, आता पुरे हेही तोच म्हणतो. म्हणजे ज्या कार्यकारी कामाची पारख करायची, तेच तपासणाऱ्याने आपल्या अंगावर घेतलेले असते. मग रुग्णाची उणीव दिसणार कशी? मला या साऱ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे वाक्य, कारण ते आपल्या परीक्षापद्धतीलाही तंतोतंत लागू पडते. वेळापत्रक आपले, प्रश्न आपले, घंटा आपली. तीन तास मूल आपल्या कार्यकारी क्षमतेवर चालते. दहावीपर्यंत बरे गुण मिळवणारे एखादे मूल वसतिगृहात गेल्यावर कोसळते, तेव्हा घरचे आणि आपण चकित होतो.

लेझॅक यांच्या प्रश्नाला १९९१ साली लंडनच्या टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस यांनी उत्तर शोधले ते रस्त्यावर. डोक्याला मार लागलेले त्यांचे तीन रुग्ण बुद्धिमापनात सरासरीपेक्षा वर होते, पण त्यांचा रोजचा व्यवहार विस्कटला होता. त्यांना एका बाजारपेठेत नेऊन एक चिठ्ठी दिली. या वस्तू आणा, ही माहिती मिळवा, अमुक वेळी अमुक ठिकाणी हजर राहा. नियमही होते. शक्य तितका कमी खर्च करायचा, काही घ्यायचे नसेल तर दुकानात शिरायचे नाही. प्रत्येक काम सोपे. अवघड होते ते सगळी कामे एकत्र सांभाळणे, आणि तिथे रुग्णांनी निरोगी माणसांपेक्षा कितीतरी जास्त चुका केल्या. फ्रान्समध्ये मेंदूला इजा झालेल्या मुलांसाठी स्वयंपाकाची चाचणी निघाली. मुलाने पाककृती वाचून चॉकलेटचा केक आणि फळांचे पेय करायचे, मोठ्या माणसाने फक्त पाहत राहायचे.

बाजारात नेण्याची अडचण उघड आहे. आजची गर्दी उद्या नसते, पाऊस येतो, दुकानदार गप्पा मारू लागतो. दोन मुलांना एकसारखी परिस्थिती मिळत नाही. म्हणून संगणक आला. अल्बर्ट रिझो यांनी २०००च्या सुमारास कॅलिफोर्नियात आभासी वर्ग तयार केला. डोळ्यांवर चढवायच्या पडद्यातून मुलाला आपण वर्गात बसलो आहोत असे दिसते. डोके वळवले की बाजूचे बाक आणि खिडकी दिसते, बाहेरून मोटार जाते, कोणी दार उघडून आत येते. मुलाने फळ्यावरची अक्षरे पाहत ठरावीक जोडी आली की कळ दाबायची. किती वेळा चुकले याबरोबरच चुकताना ते कुठे पाहत होते हेही यंत्र टिपते. कागदावरच्या चाचणीला हे शक्य नाही. आभासी किराणा दुकानेही आली. लंडनमध्ये अशोक जनसारी यांनी आठ ते अठरा वयाच्या मुलांसाठी एक चाचणी केली. तीत मुलाला पडद्यावरच्या घरात स्वतःच्या वाढदिवसाची तयारी करायची असते. कामांचा क्रम लावायचा, मध्येच अडचण आली की मार्ग काढायचा, ठरल्या वेळी ठरली गोष्ट आठवायची.

ही साधने गमतीची नाहीत, उपयोगी आहेत. पण कामतांच्या वेळचा प्रश्न इथे नव्या कपड्यात उभा राहतो. कोणाचा वर्ग? कोणाचा वाढदिवस? आभासी वर्गातल्या खिडकीबाहेर मोटार जाते. आपल्या वर्गाच्या खिडकीतून शेळी डोकावते आणि शेजारच्या वर्गातले पाढे ऐकू येतात. त्या गोंगाटात लक्ष धरायला शिकलेले मूल आभासी वर्गातल्या शांततेत कसे वागेल, हे त्या वर्गातल्या मुलांच्या प्रमाणकांवरून सांगता येणार नाही. पाहुण्यांची यादी करून, वेळ ठरवून केलेला वाढदिवस ज्याने कधी पाहिला नाही, त्याला क्रम लावता आला नाही तर ती उणीव मेंदूची की अनुभवाची? पोर्टियस यांची पेन्सिल आणि हा वाढदिवस यांत तत्त्वाचा फरक मला दिसत नाही.

उलट बाजूही आहे. २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ही मुले अनेक वस्तूंच्या किमतींचा हिशेब तोंडी बिनचूक करत, पण तशीच आकडेमोड शाळेच्या पद्धतीने कागदावर दिली की अडत. शाळेतल्या मुलांचे नेमके उलटे. कागद, पडदा आणि बाजार ही तीन वेगळी ठिकाणे आहेत, आणि एका ठिकाणचे कौशल्य दुसरीकडे आपोआप चालत जात नाही. कार्यकारी क्षमतेबाबतही तसेच आढळले. चाचणीतले गुण आणि पालक-शिक्षकांनी भरलेल्या प्रश्नावल्या यांची तुलना करणाऱ्या अनेक अभ्यासांचा आढावा २०१३ साली घेण्यात आला. पूर्ण मेळ असेल तर सहसंबंध १ येतो. इथे मधला आकडा होता ०.१९. म्हणजे दोन्ही साधने एकच गोष्ट मोजत नाहीत. टेबलावर मूल काय करू शकते ते चाचणी सांगते. ते दिवसभर काय करते, ते पाहणारा शिक्षक आणि घरचे लोक सांगतात.

हा केवळ अभ्यासकांचा वाद नाही. महाराष्ट्र सरकारने १९९६ साली अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. या बाबतीत आपले राज्य देशात अग्रेसर होते. २०१६च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार धरले, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आली, आणि २०१८च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत तिच्या तपासणीसाठी बंगळूरच्या निम्हान्स संस्थेची चाचणीमाला नेमली गेली. वाचन, लेखन, गणित यांतली अडचण त्यात सापडते. पण ज्याला वाचता येते, गणित येते, आणि तरीही सुरू केलेले काम पुरे होत नाही, वही घरी राहते, पेपरातले शेवटचे दोन प्रश्न कायम सुटतात, त्याच्यासाठी त्या २१ प्रकारांत रकाना नाही. अशा मुलाच्या वाट्याला आपल्याकडे एकच निदान येते, आळशी. कपाळामागचा भाग पक्व व्हायला विशीचा मध्य उजाडतो, तेव्हा यातला काही भाग वयाचा असतो आणि वयाबरोबर जातो. काही भाग जात नाही. कोणता ते एका दिवसाच्या पाहण्यावरून कळत नाही.

शॅलिस आणि बर्जेस यांची चिठ्ठी सेलूत लिहायची तर कशी असेल? आठवी-नववीच्या मुलाला सांगायचे, स्टेशनवर जाऊन परभणीकडच्या संध्याकाळच्या गाडीची वेळ लिहून आण. किराणा दुकानातून पाव किलो साखर घे. पोस्ट बंद व्हायच्या आत एक आंतर्देशीय पत्र आण. एका दुकानात दोनदा जायचे नाही, पन्नास रुपयांच्या वर खर्च करायचा नाही, आणि बरोबर अर्ध्या तासाने ठरलेल्या चौकात मला भेटायचे. शिक्षकाने मागून अंतर ठेवून चालायचे आणि बोलायचे नाही. न बोलणे हेच सर्वांत कठीण! गुण द्यायचे नाहीत, कारण त्यांना तुलना करायला प्रमाणके नाहीत. फक्त टिपायचे. निघण्याआधी थांबून चिठ्ठी पुन्हा वाचली का? आधी कुठे गेला? पोस्ट बंद असेल तर काय केले? घड्याळ स्वतःहून पाहिले का? दुकानदार ओळखीचा निघाला तर त्याचीही नोंद करायची, कारण ओळखीचा माणूस मदत करतो.

मुलींच्या बाबतीत ही चिठ्ठी फसेल. चौदा वर्षांच्या मुलीला एकटीने बाजारात पाठवायला बरीच घरे तयार नसतात, त्यामुळे ती बाजारात गोंधळली तर त्यातून काही सिद्ध होत नाही. तिच्याकडे पाहायचे ते घरात. नळाला पाणी यायच्या आधी ती कणीक मळून ठेवते का, वरण शिजत असताना भावाचा डबा भरते का, पाणी आल्याचा आवाज ऐकून हातचे काम कुठे थांबवते आणि परत येऊन नेमके तिथूनच सुरू करते का. हे आईला विचारायचे, डॉल यांच्या पद्धतीने, पण प्रश्न आपल्या घरातले. ऊसतोडीला गेलेल्या घरातली मागे राहिलेली मुलगी हे सगळे रोज करत असते आणि शाळेच्या नोंदीत तिच्या नावापुढे गैरहजेरी असते.

मुलाला किंवा मुलीला तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवायची वेळ आली, तर या टिपणांची एक प्रत सोबत द्यावी. तारखा घालाव्यात, विशेषणे टाळावीत आणि दोन-तीन महिन्यांतल्या पाच-सहा नोंदी तरी असाव्यात. चाचणीच्या अहवालात चक्रव्यूहाचे गुण वेगळे लिहिले आहेत का, हे अहवाल हाती आल्यावर पाहावे. अनेकदा शेवटचा बुद्धिगुणांक तेवढा लिहिलेला असतो. उपचाचण्यांचे गुण मागून घेता येतात.